कामात्स कुठे आ, कुठे ओ

हिब्रूची बावीस अक्षरं हाताला वळण लागेपर्यंत गिरवली की ओळखीची होतात. उजवीकडून डावीकडे वाचण्याचीही डोळ्यांना सवय होते. मला खरा वेळ लागला तो अक्षरांच्या खाली, वर आणि पोटात असणाऱ्या ठिपक्या-रेघांना. त्यांना निकुद म्हणतात. मराठीतून हे शिकायची संधी फार थोड्यांना मिळते, मला मिळाली, म्हणून ते कसं उलगडत गेलं ते लिहिते आहे.

आमचं घर मराठी ख्रिस्ती. स्तोत्रसंहिता घरात रोज मोठ्याने वाचली जायची. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, हे आजी अभिमानाने सांगायची. मला एवढं मोठं काही करायचं नव्हतं. १३६वं स्तोत्र मूळ भाषेत, मोठ्याने आणि नीट म्हणता यावं, एवढीच इच्छा होती. या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचन ‘की लेओलाम हस्दो’ या तीनच शब्दांवर येऊन थांबतं. त्याची दया सर्वकाळ टिकते, असा त्याचा भाव.

शिकवायला भेटले रास्ता पेठेतले एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, काका. घराणं मूळचं रेवदंड्याकडचं, आडनावाच्या शेवटी कोकणातल्या गावाचा ‘कर’, आणि बोलणं अस्सल कुलाबी. त्यांच्या घरात पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही आणि शनिवारी वही उघडायची नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. मराठीतून हिब्रू शिकवण्याची परंपरा किती जुनी आहे तेही त्यांच्याकडूनच समजलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल समाजासाठी मराठीत लिहिलेलं हिब्रूचं प्राथमिक व्याकरण १८३२ साली मुंबईत छापलं गेलं होतं. वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठीत शेजारी शेजारी छापून पुण्यात १८७४ साली निघाली. १३६वं स्तोत्र त्या रात्रीच्या वाचनात असतंच. त्यामुळे माझी मागणी ऐकून काका खूश झाले.

देवनागरी वाचणाऱ्याला पहिली गोष्ट मुद्दाम विसरावी लागते. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ आधीच बसलेला असतो आणि तो काढायचा तर पाय मोडावा लागतो. हिब्रू अक्षराच्या पोटात कुठलाच स्वर नसतो. स्वर हवा तर चिन्ह लावायचं. खाली नुसती आडवी रेघ म्हणजे पताह, त्या रेघेला मधोमध छोटा देठ फुटला की कामात्स. दोन ठिपके शेजारी शेजारी म्हणजे त्सेरे, तीन ठिपक्यांचा खाली टोक असलेला त्रिकोण म्हणजे सेगोल. एकच ठिपका खाली असला तर हिरिक, वर डावीकडे असला तर होलाम. तीन तिरपे ठिपके म्हणजे कुबुत्स, आणि वाव या अक्षराच्या पोटात ठिपका म्हणजे शुरुक. राहिला श्वा. दोन ठिपके एकाखाली एक, आपल्या विसर्गासारखे दिसणारे, पण अक्षराच्या खाली. हे पाठ व्हायला वेळ लागत नाही.

अडचण पुढे येते. कामात्सचा उच्चार आ, पताहचाही आ. त्सेरे ए, सेगोलही ए. कुबुत्स आणि शुरुक दोन्ही ऊ. मग दोन-दोन चिन्हं कशाला? आणि त्यात कामात्स काही ठिकाणी चक्क ओ होतो. हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारला. काकांनी नियम सांगायच्या आधी गालील सरोवराकाठचं तिबेरिया गाव सांगितलं.

सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान तिथल्या मासोरा-पंडितांनी ही चिन्हपद्धत घडवली. मूळ पवित्र लेखनात नुसती व्यंजनं. आलेफ, हे, वाव, योद ही अक्षरं अधूनमधून स्वराची खूण म्हणून यायची, तेवढाच आधार. सिनेगॉगमधली तोराहची गुंडाळी आजही निकुदाशिवायच लिहितात. पिढ्यानपिढ्या कानाने जपलेलं वाचन हरवू नये म्हणून या पंडितांनी एकाही अक्षराला धक्का न लावता भोवती खुणा बसवल्या. त्यांतलं बेन आशेर घराणं सर्वांत प्रसिद्ध. इ. स. ९३०च्या सुमाराच्या आलेप्पो हस्तलिखिताला अहरोन बेन आशेर यांनी स्वरचिन्हं दिली, आणि १००८-०९ सालचं, आज सेंट पीटर्सबर्गला असलेलं हस्तलिखित त्याच परंपरेतलं आहे. तिबेरियाच्या लोकांच्या तोंडी सात वेगवेगळे स्वर होते. कामात्स त्यांच्या कानाला एकच स्वर होता, आ आणि ओ यांच्या मधला, ‘ऑफिस’मधल्या ऑसारखा. म्हणून चिन्हही एकच.

ही चिन्हं पुढे सगळीकडे पोचली, पण वाचणाऱ्यांचे स्वर तेच राहिले नाहीत. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेत पाचच स्वर होते. त्यांनी तिबेरियाचा कामात्स आपल्या उच्चारात बसवला तेव्हा तो काही शब्दांत आ झाला, काहींत ओ. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले, आणि येमेनी वाचक कामात्स सगळीकडे ओच्या अंगानेच उच्चारतात, त्यांना हा प्रश्न पडत नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांची प्रार्थना सेफार्दी वळणाची, आजच्या इस्राएलमधले स्वरही त्याच वळणाचे. म्हणून कामात्स गादोल म्हणजे मोठा, उच्चार आ, आणि कामात्स कातान म्हणजे लहान, उच्चार ओ, हा भेद आपल्याला शिकावा लागतो. हा इतिहास कळल्यावर माझी नियमांवरची चिडचिड संपली. एका गावच्या कानासाठी केलेली खूण दुसऱ्या गावची माणसं वाचत होती, आणि दोघांनाही मजकूर तितकाच जपायचा होता.

नियम काकांच्या शब्दांत असा: “अगं, आधी शब्दाचे तुकडे पाड. चिन्हाकडे मग बघ.” तुकडा स्वरावर संपला तर उघडा, व्यंजनावर संपला तर बंद. बंद तुकडा असेल आणि शब्दाचा जोर त्याच्यावर नसेल, तर कामात्सचा ओ करायचा. बाकी सगळीकडे आ.

‘की लेओलाम हस्दो’मधला ‘लाम’ बघा. मेमवर संपतो, म्हणजे बंद. पण शब्दाचा जोर त्याच्यावरच आहे, म्हणून आ. आता त्याच स्तोत्राचं २५वं वचन घ्या, सर्व देहधाऱ्यांना तो अन्न देतो असं सांगणारं. त्यात ‘लेखोल बासार’ असे शब्द येतात. ‘खोल’खाली कामात्स आहे, पण तो शब्द मकाफ नावाच्या आडव्या रेघेने पुढच्या शब्दाला जोडलेला आहे. जोडला की त्याचा स्वतःचा जोर जातो, बंद तुकडा बिनजोराचा राहतो, आणि कामात्सचा ओ होतो. लगेच पुढच्या ‘बासार’मध्ये दोन कामात्स, दोन्ही आ: पहिला उघड्या तुकड्यात, दुसरा जोराच्या तुकड्यात. दीड शब्दात सगळा नियम. हे वचन मी किती तरी वेळा नुसतं बोट ठेवून वाचत बसले होते.

अपवाद आहेत. ‘बात्तीम’, म्हणजे घरं, यातला पहिला तुकडा बंदही आहे आणि बिनजोराचाही, तरी तिथे आच म्हणतात. असे शब्द थोडे आहेत, ते सरळ पाठ करावेत. हल्लीच्या काही प्रार्थनापुस्तकांत लहान कामात्सचा देठ लांब छापतात. शिकणाऱ्याने असं पुस्तक मिळालं तर जरूर घ्यावं.

कामात्सइतकाच डोकं खाणारा दुसरा गडी श्वा. कधी तो आपल्या पाय मोडलेल्या अक्षरासारखा मुका असतो, त्याला श्वा नाह म्हणतात. कधी अर्धवट ए असतो, तो श्वा ना. चिन्ह एकच. इथे मात्र मराठी माणसाला एक आधार आहे. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो, ‘चमचा’ लिहितो आणि ‘चम्चा’ म्हणतो. कुठला अ गिळायचा आणि कुठला म्हणायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तरी तोंड बरोबर करतं. हिब्रूत तेच काम नियमाने करायचं.

पाच नियम आहेत. सोळाव्या शतकातले व्याकरणकार एलियाहू लेविता यांच्या नावाशी ते जोडले जातात, आणि आलेफ, बेत, गिमेल, दालेत, हे या पहिल्या पाच अक्षरांवर बसवलेले असल्याने विसरत नाहीत. शब्दाच्या सुरुवातीला श्वा बोलतो, जसं ‘बेरेशीत’. मध्ये लागोपाठ दोन श्वा आले तर दुसरा बोलतो: ‘यिश्मेरू’. दीर्घ स्वरानंतरचा बोलतो: ‘शोमेरीम’. दागेश, म्हणजे पोटात ठिपका, असलेल्या अक्षराखालचा बोलतो: ‘दब्बेरू’. आणि एकच अक्षर दोनदा लागोपाठ आलं तर पहिल्याखालचा बोलतो. या पाचव्याचं उदाहरण काकांनी माझ्यासाठी मुद्दाम निवडलं: ‘हालेलूया’. दोन लामेद शेजारी, पहिल्याखाली श्वा, म्हणून मधे ‘ले’. चर्चमध्ये जन्मभर म्हटलेल्या शब्दातला तो ए कुठून आला हे कळल्याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. त्याच शब्दाच्या शेवटच्या ‘हे’मध्ये एक ठिपका असतो, मापिक. तो सांगतो की हा ह मुका नाही, ‘याह्’ असा श्वास सोडून संपवायचा.

तिसऱ्या नियमात मात्र एक गाठ आहे, आणि ती कामात्सशी बांधलेली आहे. दीर्घ स्वरानंतर श्वा बोलतो. ठीक. पण कामात्स दीर्घ आहे की ऱ्हस्व, हे तुकडा उघडा की बंद यावर ठरतं, आणि तुकडा उघडा की बंद हे पुढचा श्वा बोलतो की नाही यावर. ‘होख्मा’ म्हणजे शहाणपण. तीच अक्षरं, तीच चिन्हं, ‘हाखेमा’ वाचली तर ‘ती शहाणी झाली’. कामात्स ओ घेतला तर श्वा मुका, आ घेतला तर श्वा बोलका. दोन्ही वाचनं नियमात बसतात. स्वर दीर्घ आणि ऱ्हस्व असे पाच-पाच वाटणारी मांडणी बाराव्या शतकात नारबोनच्या योसेफ किमही यांनी रूढ केली. ती सोयीची आहे, पण ही गाठ तीही सोडवत नाही.

मी काकांना म्हटलं, “मग ठरवायचं कसं?” ते म्हणाले, “मराठीत ‘जग’ कसं वाचतेस?” जग म्हणजे दुनिया असेल तर ‘जीवन’मधला ज. ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना ‘जावई’मधला ज. कागदावर फरक नाही. वाक्य कळलं की तोंड आपोआप वळतं. हिब्रूतही शब्दाचा साचा ओळखावा लागतो: भूतकाळी क्रियापदाच्या साच्यात तिथे आ असतो, नामाच्या त्या साच्यात ओ. काही छापील प्रतींत कामात्सच्या डावीकडे मेतेग नावाची छोटी उभी रेघ असते. ती दिसली की इथे स्वर थांबवायचा, म्हणजे आ. ती नसेल तर व्याकरण आलं पाहिजे. निकुद म्हणजे उच्चाराची खूण आणि व्याकरण म्हणजे वेगळा विषय, अशी माझी समजूत इथे कायमची मोडली. शब्द काय करतो आहे हे कळल्याशिवाय तो नीट उच्चारताच येत नाही.

दागेश हा अक्षराच्या पोटातला ठिपका मला सर्वांत सोपा गेला, आणि त्याचं श्रेय मराठीला. त्याचे दोन प्रकार. हलका दागेश फक्त सहा अक्षरांत येतो आणि आज त्यांतल्या तिघांतच उच्चार बदलतो: ठिपका असला तर ब, क, प, नसला तर व, ख, फ. जड दागेश अक्षराचं द्वित्त करतो. स्तोत्राच्या चौथ्या वचनात ‘लेवद्दो की लेओलाम हस्दो’ येतं. ‘लेवद्दो’ म्हणजे तो एकटाच. ‘लेवद्दो’ आणि ‘हस्दो’, दोन्ही शब्दांच्या शेवटच्या ‘दो’त दालेत, दोन्ही दालेतांत ठिपका. पहिल्याच्या आधी स्वर आहे, म्हणून द दुप्पट: ले-वद्-दो. दुसऱ्याच्या आधी समेखखाली मुका श्वा आहे, म्हणून ठिपका हलका, द एकेरी: हस्-दो. एकच अक्षर, एकच ठिपका, एकच वचन, आणि उत्तर परत तुकड्यातच.

आजच्या इस्राएली बोलण्यात हे द्वित्त ऐकू येत नाही. मराठी तोंडाला ते जड जात नाही, कारण ‘पक्का’ आणि ‘पका’ आपण एकच समजत नाही. मराठी बायबलमधल्या नावांतही ते जपलेलं दिसतं. ‘हव्वा’तला दुहेरी व, ‘शब्बाथ’मधला दुहेरी ब हे मूळचेच आहेत. शब्बाथच्या शेवटचा थ सुद्धा बिनठिपक्याच्या ताव या अक्षराचा जुना उच्चार सांभाळतो.

घशातून निघणारी अक्षरं दागेश घेत नाहीत आणि बोलका श्वाही त्यांना पेलत नाही. त्यांना श्वासोबत आधाराला एक ऱ्हस्व स्वर देतात, तो हताफ. स्तोत्राच्या १२व्या वचनात ‘बेयाद हझाका उविझ्रोअ नेतूया’ येतं, बलवान हाताने आणि उगारलेल्या बाहूने. ‘हझाका’चा पहिला ह घशातला, त्याखाली हताफ पताह. आणि ‘उविझ्रोअ’च्या शेवटी निकुदातला सर्वांत वेगळा नियम भेटतो: पताह गानुव, चोरटा पताह. शब्दाच्या शेवटी हेत, आयिन किंवा मापिकवाला हे असेल आणि त्याच्या खाली पताह असेल, तर तो स्वर त्या अक्षराच्या नंतर न म्हणता आधी म्हणायचा. चिन्ह खाली, आवाज अलीकडे. म्हणून ‘आत्मा’साठीचा शब्द ‘रूह’ नाही, ‘रूहा’ही नाही, तर ‘रूअह’. आपल्या बायबलमधला ‘नोहा’ मुळात ‘नोअह’ आहे. तोंडातल्या ‘ओ’वरून सरळ घशातल्या ‘ह’वर उतरता येत नाही, मधे आपोआप एक अ येतोच. मासोरा-पंडितांनी तोही टिपून ठेवला. या माणसांच्या कानाबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

एका ठिकाणी काकांनी धडा थांबवला. स्तोत्राच्या पहिल्याच वचनात देवाचं चार अक्षरी नाव आहे. आमच्या गीतांत आम्ही ‘यहोवा’ म्हणतो. काका ते अक्षरशः उच्चारत नाहीत. प्रार्थनेत ‘अदोनाय’ म्हणतात, शिकवताना ‘हाशेम’. त्यांनी शांतपणे समजावलं की त्या चार अक्षरांभोवतीचं निकुद त्या अक्षरांचं नाहीच. ते ‘अदोनाय’चं आहे, वाचणाऱ्याने इथे ‘अदोनाय’ म्हणावं याची आठवण म्हणून बसवलेलं. फरक एवढाच की ‘अदोनाय’चा आलेफ घशातला असल्याने त्याला हताफ पताह लागतो, आणि योद घशातला नसल्याने त्याला साधा श्वा मिळतो. ती अक्षरं आणि ही चिन्हं एकत्र वाचली गेली, त्यातून ‘यहोवा’ हे रूप आलं. माझ्या श्रद्धेला यामुळे काही उणं पडलं नाही. पण काकांसमोर बसून वाचताना मी ‘अदोनाय’च म्हणते, आणि एकटीने मूळ वाचतानाही आता तेच तोंडात येतं.

वल्हांडणाला काकांकडे इस्राएलहून नातवंडं आली होती, मलाही बोलावणं होतं. १३६वं स्तोत्र आलं तेव्हा काका वचन म्हणत आणि बाकी सगळे ‘की लेओलाम हस्दो’ म्हणत. मुलांच्या तोंडी ‘लेवादो’, एकेरी द. काकांचं ‘लेवद्दो’, दोन्ही द ठणठणीत. कुणी कुणाला दुरुस्त केलं नाही. नातीने मला विचारलं, “तुम्ही आजोबांसारखं का म्हणता? शाळेत आम्हाला असं म्हणत नाहीत.” मी तिला ठिपका दाखवला. तिने तो नीट बघितला, दोनदा आजोबांच्या पद्धतीने म्हणून पाहिलं आणि मग परत आपल्या पद्धतीने म्हणाली. तिच्यासाठी ती रोज बोलायची भाषा आहे, तिचं तिला शोभतं. मी मात्र द्वित्त सोडणार नाही. ते लिहिलेलं आहे आणि माझ्या तोंडाला येतं, मग का सोडावं?

आता तेआमीम घेतले आहेत, म्हणजे जोर आणि विराम दाखवणाऱ्या, गाण्याच्या चालीच्या खुणा. कामात्सचा निकाल जोरावर लागतो आणि जोर याच खुणा दाखवतात, त्यामुळे एक झालं की दुसरं आलंच. स्तोत्रं, नीतिसूत्रं आणि इयोब या तीन पुस्तकांची खुणांची पद्धत बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे, म्हणून काकांनी आधी उत्पत्तीचा पहिला अध्याय काढला आहे. त्यांच्या पुस्तकात एका रकान्यात सगळ्या खुणांसकट मजकूर आहे आणि शेजारच्या रकान्यात गुंडाळीत असतो तसा कोरा. एक वचन खुणांसकट म्हणायचं, मग तो रकाना हाताने झाकून तेच वचन कोऱ्यावरून म्हणायचं. पाचव्या वचनापर्यंत जमतं.